दोन ठोके

त्या छापखान्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने ‘गो’ या इंग्रजी क्रियापदाची सगळी रूपं घडाघडा म्हणून दाखवली असती. गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. मशीनवाल्याचं इंग्रजी एवढ्यावर सुरू व्हायचं आणि एवढ्यावरच संपायचं. बाइंडिंगच्या मावशींना स्वतःची सही करताना घाम फुटायचा, पण मॅनेजर फोनवर कुणाला ‘माल गेलेला आहे’ म्हणाला, की त्या सुई ओढता ओढता पुस्ती जोडायच्या, “हॅज गॉन.”

हे ज्ञान एका पातळ फळीतून झिरपलेलं होतं. फळीच्या अलीकडे मावशी कागदांच्या घड्या शिवत बसायच्या आणि पलीकडे तपासणीची खोली होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी आणि वर्षातले तीनशेवीस-पंचवीस दिवस बाहेरून कडी. उरलेले चाळीस दिवस ती खोली उघडायची ती एका पुस्तकासाठी. शहाण्णव पानांचं ते पुस्तक शाळाशाळांतून चालायचं आणि त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच क्रियापदाचा वापर शिकवलेला होता. पुस्तक लिहिणारे हेडमास्तर मोठे हट्टी. शंभर क्रियापदं अर्धीकच्ची शिकवण्यापेक्षा एकच पक्कं शिकवावं, असं त्यांचं मत. ‘चुका सुधारा’ शिकवणाऱ्या पुस्तकात चूक निघाली तर मुलं हसतात, म्हणून त्यांनी करारातच घालून ठेवलं होतं, की या पुस्तकाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, दोन माणसांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाचून तपासावीत. हेडमास्तर गेले, करार राहिला.

मॅनेजर हा मालकांचा भाचा. त्याला सगळे पाठीमागे भाचेबुवा म्हणत. बाकीचं सगळं तपासणीकाम त्याने केव्हाच संगणकावर टाकलं होतं. ही एक अट त्याच्या घशात काट्यासारखी अडकलेली. “या दोघांतलं एक जरी गळलं ना,” तो मशीनवाल्याला सांगायचा, “की हेडमास्तरांच्या मुलीला भेटून अट सोडवून घेतो. मग त्या खोलीत मी रद्दी ठेवणार.”

त्या दोघांपैकी एक म्हणजे तपासनीस बाई. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, विधवा थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहणाऱ्या. माणसांकडेही त्या मुद्रितासारखंच बघायच्या. भाचेबुवा म्हणजे ठळक अक्षर आणि खाली मजकूर नाही. मशीनवाला स्वल्पविरामच स्वल्पविराम, वाक्य कधी पुरं करणार नाही. स्वतःबद्दल त्यांचं मत विचारलंत तर समास, म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा. लागते सगळ्यांना, वाचत कुणी नाही.

दुसरे होते रेडिओ. खरं काम हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचायचं. आवाज असा, की फळीपलीकडे मावशींची सुईसुद्धा त्या लयीत चालायची, म्हणून हे नाव पडलं. विधुर माणूस. मुलगा, सून, नात यांच्यात राहणारे. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि वाचायला बसण्याआधी दोन्ही तळहातांनी कागदांच्या कडा थोपटून सरळ करायची सवय. ते वाचायचे ते विरामचिन्हांसकट. “कॅपिटल शी हॅज गॉन टू द मार्केट फुलस्टॉप.” बाई समोर मुद्रितावर पट्टी धरून डोळे फिरवायच्या आणि पेन्सिलीचा बोथट भाग टेबलावर आपटायच्या. एक ठोका म्हणजे जुळलं, पुढे चला. दोन ठोके म्हणजे थांबा, परत वाचा. तेवीस वर्षं या दोघांचं बहुतेक सगळं बोलणं या तीन ठोक्यांत झालेलं होतं. चहाच्या वेळी हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या, नातीच्या दातांच्या व्हायच्या. पण चहाच्या गोष्टी कुणाशीही होतात.

चाळीस दिवस संपले की रेडिओ “बरंय बाई” म्हणायचे, बाई “बरंय” म्हणायच्या आणि उरलेलं वर्ष दोघं एकमेकांना कुठेही भेटायचे नाहीत. भेटायला निमित्त लागतं, आणि निमित्त शहाण्णव पानांचं होतं. बाईंची ताई म्हणायची, “तुझं वर्ष चाळीस दिवसांचं आहे गं. बाकीचे नुसते मोजायचे.” बाई म्हणायच्या, “काम आहे ते, ताई.” ताई म्हणायची, “मी कुठे काय म्हटलं?”

यंदा हेडमास्तरांच्या मुलीने मनावर घेतलं. वडिलांची उदाहरणं जुनाट झाली म्हणून तिने शाईने खाडाखोड करून निम्मीअधिक वाक्यं बदलली. पोस्टमन गेले, कुरियरवाला आला. विहिरीवर जाणाऱ्या मुलीला तिने पोहायच्या तलावावर धाडलं.

पहिली बारा पानं नियमांची, ती जशीच्या तशी होती. तेराव्या पानावर उदाहरणं सुरू झाली.

“कॅपिटल द पोस्टमन हॅज गॉन टू द नेक्स्ट स्ट्रीट फुलस्टॉप.”

मुद्रितात कुरियरवाला होता. बाईंनी दोन ठोके दिले. रेडिओ थांबले आणि त्यांनी शांतपणे परत तेच वाचलं. पोस्टमन. बाईंना वाटलं, जुळणीवाल्याने काहीतरी घोळ घातला. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून रेडिओंच्या खांद्यामागे गेल्या आणि हस्तलिखितात डोकावल्या.

हस्तलिखिताचं तेरावं पान टेबलावरच पडलेलं होतं आणि त्यात कुरियरवालाच होता. शिवाय रेडिओंच्या हातातलं पान तेरावं नव्हतंच, चौदावं होतं. त्यांचं बोट मात्र ओळीखालून इतक्या नेमकेपणाने सरकत होतं, की कुणी शपथेवर सांगितलं असतं, हा माणूस वाचतोय.

“काय झालं बाई? जुळत नाही?”

हा माणूस पोस्टमन डोळ्यांनी वाचत नव्हता, आठवणीतून काढत होता. त्याला अक्षर दिसत नव्हतं. दारातून नीट येत होता, खुर्ची नीट ओढत होता, चहाचा कप बरोबर उचलत होता, पण अक्षर दिसत नव्हतं.

“जुळलं,” बाई म्हणाल्या. जागेवर जाऊन बसल्या आणि एक ठोका दिला.

उभ्या आयुष्यात त्यांनी दिलेला तो पहिला खोटा ठोका. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, याचंच त्यांना संध्याकाळी वाटत राहिलं.

सांगायचं कुणाला? भाचेबुवाला सांगितलं तर खोलीत रद्दी. रेडिओंना सांगितलं तर उद्यापासून समोरची खुर्ची रिकामी. बाईंनी दोन्ही बाजू नीट तोलल्या आणि तिसराच मार्ग धरला. रोज संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवशीची मुद्रितं आणि हस्तलिखिताची नक्कल कापडी पिशवीत घालून घरी न्यायला लागल्या. जेवणाआधी दोन तास एका डोळ्याने हे, दुसऱ्या डोळ्याने ते. स्वतःच वाचायचं, स्वतःच ऐकायचं.

“घरी कधी आणलं नव्हतंस काम,” ताई म्हणाली.

“यंदा बदल फार आहेत.”

“बदल दिसतायत,” ताई म्हणाली, आणि तिने दिवा टेबलाच्या बाजूला सरकवून दिला.

दिवसा मग खोलीत नाटक चालायचं. रेडिओ जुनी वाक्यं म्हणायचे, बाई नव्या वाक्यांच्या पानावर पट्टी सरकवत ठोके द्यायच्या. एक, एक, एक. पान आदल्या संध्याकाळीच तपासलेलं असल्यामुळे कानाला काही कामच नव्हतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच बाई नुसतं ऐकत होत्या. रेडिओ प्रश्नचिन्हाच्या जरा आधीच आवाज वर न्यायचे, ‘होम’ शब्द आला की किंचित थांबायचे, आणि शेवटचं फुलस्टॉप कागद हळूच खाली ठेवावा तसं ठेवायचे. हे सगळं इतकी वर्षं समोरच होतं, पण अक्षरं तपासण्याच्या नादात बाईंनी ते कधी घेतलंच नव्हतं. आता त्या हपापल्यासारखं घेत होत्या. शब्द कानाआड जायचे, आवाज तेवढा राहायचा. हात आपोआप चालायचा. एक, एक, एक.

एवढ्या हुशार बाई, पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. दरवर्षी पानामागे सहा-सात वेळा तरी दोन ठोके पडायचे. छापखाना आहे, चुका होणारच. यंदा तेराव्या पानानंतर दोन ठोके पडलेच नव्हते. डोळे गेलेल्या माणसाला दुसरं काय असतं? तो ठोकेच मोजत होता.

बत्तिसाव्या दिवशी पंच्याऐंशीवं पान लागलं. पानावर सगळा ‘गॉन’चा वापर. दुपारची वेळ, मशीन बंद, खिडकीतून ऊन टेबलाच्या अर्ध्यावर आलेलं. रेडिओंनी कागदांच्या कडा थोपटल्या आणि वाचायला सुरुवात केली. एक वाक्य, ठोका. दुसरं वाक्य, ठोका. तिसरं वाक्य जरा सावकाश आलं, ठोका.

मग चौथं आलंच नाही.

“बाई, आत्ता मी काय वाचलं?”

बाईंनी दचकून पट्टीखालची ओळ बघितली. “शी हॅज गॉन टू द पूल.”

“बरं,” रेडिओ म्हणाले. “म्हणजे कागदावर ते आहे.”

“तुम्ही काय वाचलंत?”

“कागदावर नसलेलं.”

रेडिओंनी पानं खाली ठेवली. त्यांचे डोळे बाईंच्या चेहऱ्याकडे होते, पण जरासे बाजूला, कानाशेजारच्या भिंतीवर टेकल्यासारखे. बाईंनी हे आधी कसं बघितलं नव्हतं कुणास ठाऊक.

“किती दिवस?”

“तेराव्या पानापासून,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे सगळंच की. आणि तपासता कधी?”

“संध्याकाळी. घरी.”

“दोन्ही तुम्हीच?”

“हो.”

रेडिओंनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “डोळे गेले तर गेले, पाठ आहे, आवाज आहे, अजून दोन-चार वर्षं ओढू. मी इथे बसून लबाडी करतोय असं वाटायचं हो मला. रोज घाबरून यायचो. आणि तुम्ही मला नुसतं खेळवत होता. लहान पोराला खोटा घास भरवतात तसं.”

इथे बाईंना एक वाक्य बोलायचं होतं. तुमचा आवाज ऐकायचा होता म्हणून. चार-पाच शब्दांचं काम. पण तेवीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सुधारण्यात गेलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि घाईत जे हाताला लागतं ते चुकीचंच लागतं.

“पुस्तक तर बिनचूक होतंय ना,” बाई म्हणाल्या.

रेडिओ जरासे हसले. “होतंय की. माझ्यावाचून होतंय.”

“ते वाक्य काय होतं? सांगा ना, परत वाचा.”

“राहू द्या. ठोका पडला त्यावर.”

त्यांनी राहिलेलं पान शेवटपर्यंत म्हटलं, कागदांच्या कडा थोपटल्या, “बरंय बाई” म्हणाले आणि दारातून नीट बाहेर पडले. आठ दिवस बाकी असताना.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. बाई दहाच्या ठोक्याला येऊन समोरच्या खुर्चीकडे पाठ होणार नाही अशा बेताने बसायच्या. पाचव्या दिवशी रेडिओंची सून आली. मोकळ्या स्वभावाची, बोलकी. तिच्या हातात छापखान्याची लाकडी पट्टी होती.

“ही चुकून घरी आली म्हणे. परत करायला सांगितलंय. कोण जाणे का, पट्टीसाठी जीव टाकत होते.”

“ते कसे आहेत?”

“गेले ना. नणंदबाई घेऊन गेल्या परवा. तिकडे मोठे डॉक्टर आहेत. तसं आता काही होणार नाही म्हणतात, मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. दोन वर्षं झाली याला. तुम्हाला बोलले असतील.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही? कमालच आहे. नणंदबाई दोन वर्षं मागे लागल्यात, इकडे या, इकडे या. तर यांचं एकच, पुस्तक झालं की बघू. आणि महिनाभर आधीपासून नातीला समोर बसवायचे. ती वाचायची, हे पाठ करायचे. पोरगी कंटाळून रडायची हो. घरात गेल्या वर्षीचंच पुस्तक होतं, ते घोकून घोकून फाटलं.”

बाईंनी पट्टी घेतली. सुनेने जाता जाता नणंदेचा फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाली, “पत्रबित्र पाठवू नका. वाचून दाखवायला जावईच आहेत, आणि ते पत्ता वाचतानाही जांभया देतात.”

राहिलेली पानं बाईंनी एकटीने उरकली. ‘दोघांनी वाचलं’ या ओळीखाली दुसरी सही भाचेबुवाने ठोकली. त्याचा चेहरा इतका प्रसन्न, की पुस्तक त्यानेच लिहिलं असावं.

दोन आठवड्यांनी छापलेली पानं बाइंडिंगला आली. बाई आपला चष्मा, पेन्सिली, कपाखाली ठेवायची जाळी असं किडुकमिडुक न्यायला आल्या होत्या. मावशींनी फळीपलीकडून हाक मारली.

“अहो बाई, एक विचारू? ते रेडिओंचं वाक्य कुठल्या पानावर टाकलंय? मी पंच्याऐंशी उलटंसुलटं करून बघितलं, पण मला कुठलं वाचता येतंय.”

“कुठलं वाक्य?”

“शेवटच्या दिवशीचं. तुमचं भांडण झालं त्याच्या आधीचं. मशीन बंद होतं, सगळं स्पष्ट आलं. मी म्हटलं, हे नवीन दिसतंय, तेवीस वर्षांत ऐकलं नाही. म्हणून लक्षात राहिलं.” मावशींनी सुई दातांत धरली, घसा खाकरला आणि रेडिओंच्या चालीवर म्हटलं, “कॅपिटल आय हॅव नॉट वेंट कॉमा बिकॉज शी इज हिअर फुलस्टॉप.”

बाई चष्म्याची डबी हातात धरून उभ्या राहिल्या.

“गॉन,” त्या म्हणाल्या. “हॅव नॉट गॉन. ते वेंट म्हणाले नसतील.”

“तेच ते. अर्थ काय होतो त्याचा?”

“मी गेलेलो नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी डबीचं झाकण दाबून बंद केलं. “कारण ती इथे आहे.”

मावशींनी सुई दातांतून काढली. त्या बोलक्या बाई, पण त्यांनी खाली मान घालून धागा ओढला तो पुढची घडी संपेपर्यंत वर बघितलं नाही.

बाई तपासणीच्या खोलीत गेल्या. भाचेबुवाने रद्दीचे पहिले दोन गठ्ठे आणून टाकलेच होते, एक रेडिओंच्या खुर्चीवर. बाईंनी तो उचलून जमिनीवर ठेवला, मग आपल्या खुर्चीत बसल्या आणि सुनेने दिलेला नंबर फिरवला. मुलीने उचलला, “बाबा, तुमच्यासाठी,” म्हणाली. पावलं आली, भिंतीला हात घासल्याचा आवाज आला.

“हॅलो,” रेडिओ म्हणाले.

बाईंनी येताना वाक्य जुळवून ठेवलं होतं. चांगलं होतं, कर्ता होता, क्रियापद होतं, सगळं जागच्या जागी होतं. तोंड उघडलं तर त्यातला एक शब्द येईना.

“हॅलो. कोण आहे?”

बाईंनी टेबलावरची पेन्सिल घेतली. फोन तोंडापासून खाली धरला आणि बोथट बाजूने त्यावर दोन ठोके दिले.

पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज, कुणीतरी दार लावलं. बाई वाट बघत राहिल्या. रेडिओंना विचार करायला इतका वेळ कधी लागत नसे. दोन ठोके पडले की ते परत वाचायचेच. तेवीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

“बाई,” शेवटी ते म्हणाले. आवाज तोच, कागद हळूच खाली ठेवणारा. “ते पान छापून झालं.”

बाईंनी मान हलवली, ते त्यांना दिसणार नव्हतं, आणि जवळ असते तरी दिसलं नसतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर गठ्ठ्याची सुतळी राहिली होती. पलीकडे ते फोन धरून थांबलेच होते. काम संपल्याचं समोरून कळल्याखेरीज उठायची त्यांना सवयच नव्हती.

बाईंनी एक ठोका दिला.